सुरुंग काढण्याचं सर्व

मुंबई, १२ नोव्हेंबर १९५०

तीर्थरूप काकांना आणि काकूंना बद्रीचा नमस्कार.

आरमारात तुझं नेमकं काम काय, असं तुम्ही विचारलं होतं, म्हणून नीट लिहितो. माझी नेमणूक एका जहाजावर झाली आहे. जहाजाचं नाव पत्रात लिहायची परवानगी नाही. हे जहाज तोफांनी लढणारं नव्हे, सुरुंग काढणारं आहे. लढाईत शत्रू समुद्रात लोखंडी सुरुंग सोडून जातो. ते पाण्याखाली साखळीनं तळाला बांधलेले असतात. वरून काही दिसत नाही, पण जहाज त्यांना लागलं की धडाका होतो. आमच्या जहाजाच्या मागं लांबलचक पोलादी दोर सोडतात. तो पाण्यातून ओढत नेला की साखळी तुटते, सुरुंग वर येतो, मग त्याला दुरून गोळी घालून उडवायचं. आम्ही रोज समुद्रात जाऊन सुरुंग काढण्याचा सराव करतो आणि दुपारी परत येतो.

रझाकारांच्या दिवसांत मी घाट उतरून चाळीसगावला पळालो, तेव्हा पोराचं काय होईल म्हणून तुम्ही महिनाभर नीट जेवला नव्हता, असं काकू सांगत होत्या. आता काळजी करू नका. जेवण पोटभर आहे. मासे असतात, पण मी खात नाही असं काकूंना सांगा.

तुमचा,
बद्रीनाथ

---

पिशोर, २१ जानेवारी १९५१

चि. बद्रीनाथला पुंजाराम काकाचा आशीर्वाद.

आधी हे कळव की जहाज लोखंडाचं आहे तर ते बुडत कसं नाही. तुझ्या काकूला मी सांगितलं की आतून लाकूड असतं. ती म्हणाली, "तुम्ही बघितलं व्हय?" तिचं समाधान होईल असं काहीतरी लिही. माझंही झालेलं नाही.

तुझं पत्र मी चावडीवर वाचून दाखवलं. वाचायला वेळ लागला. तुला ठाऊक आहे, निजामाच्या मदरशात माझ्या तीन जमाती उर्दूत झाल्या. मराठी अक्षरं मी म्हातारपणी आपली आपण शिकलो. उर्दूत निम्म्या काना-मात्रा अंदाजानं धरायच्या असतात, ती खोड अजून गेली नाही. पण मतलब मी सोडत नाही. "रोज समुद्रात जाऊन सुरुंग काढण्याचं सर्व करतो" हे तुझं वाक्य आलं आणि चावडी गप्प झाली. तात्यासाहेबांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

तात्यासाहेब म्हणजे आपले किराणावाले तात्या. पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी खादी घातली. तेव्हापासून ते तात्यासाहेब आहेत आणि गावाचं सगळं तेच बघतात.

आता मुख्य फिकीर लिहितो. गावाला पिण्याच्या पाण्याची विहीर सरकारातून मंजूर झाली. जागा मी दिली, ओढ्याकाठचा आपला तुकडा. सहा परस, म्हणजे सहा माणसं एकावर एक उभी राहतील इतकी खोल गेली, खाली काळा खडक लागला. त्रिंबक सुरुंगवाल्यानं तीन भोकं पाडून दारू ठासली, वाती पेटवल्या आणि वर आला. दोन सुरुंग उडाले. तिसरा उडाला नाही. आम्ही सगळे बांधाआड कानांत बोटं घालून बसलो होतो. बोटं दुखायला लागली तरी उडाला नाही. त्रिंबकाला म्हटलं, बघून ये. तो म्हणाला, "बघायला गेलो अन् त्यानंबी मला बघितलं, मग? माझी बायको पोटुशी हाय." सामान उचलून तो सासरवाडीला निघून गेला.

तेव्हापासून विहिरीजवळ कुणी जात नाही. तात्यासाहेबांनी भोवती लांबून बाभळीचे काटे लावले. बाया नदीवरून पाणी आणतात. तुझ्या काकूचे गुडघे तुला माहीत आहेत. रोज सकाळी हंडा उचलताना ती माझ्याकडं बघते, बोलत नाही. बोललेली परवडली असती.

परवा चावडीत सगळे म्हणाले, आता करायचं काय. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचा बद्री हाय की. त्याचं कामच ते हाय." तात्यासाहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "पुंजाराम, हे तू आधी का नाय बोलला?"

तर बाबा, आठ दिवसांची रजा काढून ये. तू समुद्रातले काढतोस, हा तर कोरड्या विहिरीतला आहे. येताना दोर आणायची गरज नाही. गावातले मोटेचे सगळे नाडे मी गोळा करून ठेवले आहेत.

पुंजाराम

---

मुंबई, ६ फेब्रुवारी १९५१

तीर्थरूप काकांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. चावडीवर माझं पत्र वाचलं गेलं हे कळल्यावर बरं वाटलं. मी गावात होतो तेव्हा तात्या मला दुकानाच्या पायरीवर बसू देत नव्हते.

सध्या रजा मिळणं कठीण आहे. जहाजाला माझी गरज आहे, एवढंच लिहू शकतो. सुरुंगाचं काम जोखमीचं असतं, ते माहीतगारानंच करावं. न उडालेल्या सुरुंगाजवळ कुणाला जाऊ देऊ नका. कुणी आत उतरू नये, वाकूनही बघू नये. लक्ष मात्र ठेवा.

जहाज का बुडत नाही ते मी इथं एकाला विचारलं. तो म्हणाला, ते पोकळ असतं म्हणून. काकूंना सांगा.

बद्रीनाथ

---

पिशोर, ५ मार्च १९५१

चि. बद्रीनाथला आशीर्वाद.

काकूला सांगितलं. ती म्हणाली, "पोकळ हाय म्हून तरंगतंय, तर मग आपले तात्यासाहेब कधीच बुडायचे नाय." हे कुणाला सांगू नकोस.

तुझा हुकूम आला तसा आम्ही बंदोबस्त केला. विहिरीवर लक्ष ठेवायला शेजारच्या कारभारीला बसवलं आहे. तो काट्यांबाहेर खाटेवर विहिरीकडं पाठ करून बसतो, कारण वाकून बघू नये असं तू लिहिलंस. मी म्हटलं, पाठ करून लक्ष कसं राहील? तो म्हणाला, "उडाला तर ऐकू येईलच की."

आता जे झालं ते सांगायला मला धीर होत नाही, पण सांगतो. तात्यासाहेब मला घेऊन औरंगाबादेला गेले. कलेक्टर कचेरीतले साहेब तरुण आहेत, नवे आलेले. तात्यासाहेबांनी सांगितलं की आमच्या गावचा आरमारी जवान स्वतः येऊन सुरुंग काढणार आहे, तो कार्यक्रम आपण बघावा.

साहेब म्हणाले, "कोणत्या जहाजावर आहे?"

मी म्हटलं, "नाव सांगायची परवानगी नाय, सरकार."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "इतकं गुप्त आहे?"

"लई गुप्त," तात्यासाहेब म्हणाले. "आम्हालाबी माहीत नाय."

साहेब खुर्चीत सावरून बसले आणि त्यांनी तिथल्या तिथं तारीख दिली. आठ एप्रिल, रविवार. मांडवाचा खर्च मंजूर झाला. आम्ही नेलेला विहिरीच्या दुरुस्तीचा अर्ज तसाच टेबलावर राहिला, त्याचं पुढं बघू म्हणाले.

परत येताना तात्यासाहेब मला म्हणाले, "पुंजाराम, तुझ्या शब्दावर गाव थांबलंय. आता साहेब येणार. बद्री नाय आला, तर तुझ्या घरातलं कुणीतरी उतरायला लागंल."

मी म्हटलं, "घरात मी अन् बायको, चतुरा."

"मग आपसात ठरवा," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

बद्री, मी मस्करी करत नाही. मला नीट झोप नाही. तू ये. आल्यावर वर्दी घाल, ते तात्यासाहेबांनी मुद्दाम सांगितलं आहे.

पुंजाराम

---

मुंबई, १७ मार्च १९५१

तीर्थरूप काका,

हे पत्र चावडीवर वाचू नका. एकटे बसून वाचा, आणि कृपा करून प्रत्येक काना-मात्रेवर बोट ठेवा.

मी "सराव" लिहिलं होतं. सर्व नाही. सराव म्हणजे शिकण्यासाठी पुन्हा पुन्हा करून बघणं. तुम्ही "सर्व" वाचलंत हे मला तुमच्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. मी दुरुस्त केलं नाही. सारी चावडी गप्प झाली हे वाचून मला फार गोड वाटलं, दुसरं कारण नाही.

आमचं जहाज मोठी लढाई चालू असताना बांधायला घेतलं होतं. आज हा भाग आला नाही, उद्या तो आला नाही, असं होत होत ते पुरं झालं तेव्हा लढाई संपून गेली होती. रंग ओला असतानाच सुलह झाली म्हणतात. या जहाजानं आजवर एकही सुरुंग काढलेला नाही. मी तर सुरुंग चित्रातच बघितला आहे. सरावासाठी आम्ही एक रिकामं पिंप लाल रंगवून स्वतःच समुद्रात बुडवतो आणि मग दोर ओढत ते शोधतो. दोनदा ते आम्हाला सापडलं नाही. तिसऱ्यांदा कोळ्यांनी आणून दिलं.

माझं काम रंगाचं आहे. खाऱ्या हवेनं लोखंड गंजतं, म्हणून आम्ही पुढून रंगवत मागं जातो, तोवर पुढं पुन्हा गंज आलेला असतो. जहाजाला माझी गरज आहे असं लिहिलं होतं ते याच अर्थानं.

विहिरीतल्या सुरुंगाचं मला काही कळत नाही. तात्यांना खरं सांगा. सगळा दोष माझ्यावर घाला. पण तुम्ही उतरू नका.

बद्रीनाथ

---

पिशोर, ३१ मार्च १९५१

चि. बद्रीनाथला आशीर्वाद.

बोट ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. "सराव"मधला काना मला यावेळी सापडला, उन्हात चकाकत होता.

मी रागावलो नाही. पहिले दोन दिवस रागावलो होतो. मग तुझी काकू म्हणाली, "त्यानं एक काना लपवला. तुम्ही तर त्याच्यावर आख्खं गाव बसवलं." ते खरंच आहे.

पत्र घेऊन मी तात्यासाहेबांकडं गेलो. म्हटलं, असं असं आहे, जहाज लढाईनंतर तयार झालं, पोराला काही येत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लढाईनंतर झालं म्हून काय बिघडलं? झालं हे महत्त्वाचं."

मला ते पटलं. तात्यासाहेबांचंही तसंच झालं होतं. रझाकारांशी लढायला त्यांनी चाळीसगावाहून बंदूक मागवली होती. ती घाट चढून वर आली तेव्हा निजाम शरण येऊन आठवडा झाला होता. तरी ती बंदूक खांद्यावर घेऊन त्यांची मिरवणूक निघाली, तू नव्हतास, मी होतो, गुलाल माझ्या डोळ्यात गेला होता. आता दर सतरा सप्टेंबरला त्यांचं भाषण असतं. मग तुझ्या जहाजानंच काय घोडं मारलं, ते मला कळत नाही.

पण साहेब येणार ते येणारच. मांडवाचे बांबू आले आहेत. तात्यासाहेबांनी दुसरी तजवीज केली. सासरवाडीहून त्रिंबकाला धरून आणलं आणि चावडीत बसवून ठेवलं. म्हणतात, बद्री नाही तर हा उतरेल, सुरुंग ह्यानंच ठासला होता. त्रिंबकाची बायको काल आपल्या दारात येऊन बसली. पोट हे एवढं. तुझ्या काकूनं तिला भाकरी दिली, ती तिनं खाल्ली नाही.

मी पुष्कळ विचार केला. मला विचार करायची सवय आहे, पण बहुतेक वेळा त्यातून काही निघत नाही. यावेळी निघालं. शब्द मी दिला होता, त्रिंबकानं नाही. त्यानं तर सुरुंग उडाला नाही हे पहिल्याच दिवशी कबूल करून टाकलं. माझं वय झालं आहे. मी चावडीत सांगून आलो की मी उतरतो, त्रिंबकाला सोडा. तात्यासाहेबांनी लगेच सोडलं. थोडं थांबून सोडलं असतं तर बरं दिसलं असतं.

मला भीती वाटते हे तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. काकूसमोर मी छाती पुढं काढून फिरतो. ती म्हणते, "छातीत दुखतंय का?"

काही बरंवाईट झालं तर काकूला मुंबईला नेऊ नकोस. तिला समुद्र सोसायचा नाही. म्हैस विकू नका.

पुंजाराम

---

तार
मुंबई, ५ एप्रिल १९५१

काका उतरू नका. रजेचा अर्ज केला आहे. बद्री

---

पिशोर, १२ एप्रिल १९५१

चि. बद्रीनाथला आशीर्वाद. हे पत्र मीच लिहितो आहे, त्यावरून समज.

तुझी तार कन्नडच्या तारघरातून परवा आली. तिच्यात उतरू नका असं होतं. मी त्याच्या दोन दिवस आधी उतरून वर आलो होतो. वाईट वाटून घेऊ नकोस.

झालेलं सांगतो. साहेब मोटार घेऊन आले. मांडव विहिरीपासून इतका लांब घातला होता की तिथून विहीर दिसत नव्हती. तात्यासाहेबांचं भाषण झालं. त्यांनी आरमाराचे आभार मानले. मग माझ्या कमरेला नाडा बांधला, गाठ त्रिंबकानं मारली. त्याला सोडलं होतं तरी तो आला होता. नाडा धरायला दहा-बारा गडी होते, सगळे काट्यांआड आडवे पडून. तुझी काकू मात्र उभी होती. साहेबांनी विचारलं, "या बाई कोण?" ती म्हणाली, "नाड्याच्या दुसऱ्या टोकाची बायको."

मी डोळे मिटूनच काठावरून पाय सोडले. मला खाली सोडू लागले. मी देवाचं नाव घेत होतो, पण मधेच विसरलो आणि म्हशीचं नाव घ्यायला लागलो. खाली खाली जातो तो पायांना गार लागलं. मला वाटलं, झालं, मरण असंच लागत असेल. मग गुडघ्यांना लागलं, मग कमरेला. डोळे उघडले. बद्री, छातीपर्यंत पाणी होतं. उडालेल्या दोन सुरुंगांनी झरा मोकळा केला होता आणि जानेवारीपासून तो आपला मुकाट भरत होता. कारभारी पाठ करून लक्ष ठेवत होता, म्हणून कुणाला कळलं नाही.

मी जीव खाऊन ओरडलो, "पाणी! पाणी!" विहिरीत आवाज घुमतो. वरच्यांना ते "पळा! पळा!" ऐकू आलं. ते नाडा सोडून पळाले. मी पाण्यात बुडी खाल्ली. साहेबांची मोटार सुरू झाल्याचा आवाज मला नाकातोंडात पाणी जाताना ऐकू आला.

वर बघितलं तर दोन डोकी दिसत होती. एक त्रिंबकाचं, एक तुझ्या काकूचं. नाडा त्या दोघांच्या हातात होता.

"काय झालं?" ती ओरडली.

"पाणी हाय!"

"किती?"

"छातीपत्तुर!"

ती म्हणाली, "अन् मी तीन महिने नदीवर जाते व्हय?"

त्रिंबक म्हणाला, "काका, भिऊ नका आता. दारूचा कधीच चिखल झाला असंल. तो सुरुंग मेलेला हाय."

त्या दोघांनी मला ओढून काढलं. तोवर लोक एकेक करून परतले. मोटार गावाच्या वेशीवरून परत आली. साहेबांनी माझा ओला हात हातात घेतला. ते म्हणाले, "आजोबा, दोन शब्द बोला."

मी म्हटलं, "साहेब, मी काही केलं नाय. सुरुंग माझ्या आधीच भिजून मेला होता. अन् आमच्या बद्रीनंबी कधी सुरुंग बघितला नाय. त्याचं जहाज लढाईनंतर झालंय. तो रंग देतो."

एवढं खरं मी आयुष्यात एका दमात कधी बोललो नव्हतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब तात्यासाहेबांना म्हणाले, "किती विनय आहे! आणि मुलाचं काम गुप्त आहे, तर बघा, शेवटपर्यंत सांगितलं नाही." तात्यासाहेबांनी मान डोलावली. विहिरीला दगड बसणार आहे. त्यावर आरमाराच्या सहकार्यानं असं लिहायचं ठरलं. मी नको नको म्हणालो, ते पुन्हा विनयातच धरलं गेलं.

तू लिहिलंस की कधी कधी त्या जहाजावर उभं राहायची लाज वाटते. नाही, असं तू लिहिलं नाहीस. मीच तसं वाचलं, रंगाबद्दलच्या ओळींमधे. चुकलं असेल तर सोडून दे. तुझ्या काकूला मी तेवढा भाग वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्याला लिहा, सुरुंग सापडणाऱ्या जहाजावर गेला असता तर मी हितं बसून काय भाकरी थापली असती व्हय? सापडत नाय ते बेस हाय. पिंपबी नाय सापडलं तरी चालंल."

पुढचं ऐक. साहेब गेल्यावर तात्यासाहेबांनी काटे पुन्हा लावले. म्हणाले, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झाल्याशिवाय कुणी पाणी काढायचं नाही. तारीख हैदराबादहून येणार आहे. कारभारीला पुन्हा खाटेवर बसवलं, यावेळी विहिरीकडं तोंड करून.

काल सकाळी तुझ्या काकूनं हंडा घेतला. मी म्हटलं, नदीवर का? ती सरळ विहिरीवर गेली आणि पायातल्या वहाणेनं काटे बाजूला सारले. कारभारी म्हणाला, "चतुराकाकू, हुकूम नाय." ती म्हणाली, "मग पाठ कर." त्यानं केली. त्याला सवय आहे.

पहिला हंडा तिनं ओतून टाकला, वास होता. दुसराही ओतला. तिसरा घरी आणला आणि चुलीवर ठेवला. आज सकाळी विहिरीवर बायांची रांग होती. त्रिंबकाची बायको सगळ्यांत पुढं होती, तिला कुणी ताटकळत उभं राहू दिलं नाही, तिचा हंडा दुसरीनं भरला. तात्यासाहेब दुकानाच्या दारातून बघत होते. त्यांच्या घरची बाई पण रांगेत होती.

त्यांनी मंत्र्यांना अजून कळवलेलं नाही. कळवतील तेव्हा कळवतील.

तुझा रजेचा अर्ज मंजूर झाला तर वर्दी तिकडंच ठेवून साध्या कपड्यांत ये. इथं आता तुझ्यासाठी काहीच काम उरलेलं नाही, तेव्हा चांगला महिनाभर राहा.

पुंजाराम